पाणी नको तिथं शिरतं तेव्हा: बोटीच्या निगेबद्दल वाचकांचे प्रश्न

मे सरत आला की हिडकलचं पाणी उतरतं, हुन्नूरचं बुडालेलं विठ्ठल मंदिर वर दिसू लागतं आणि हौशी बोटवाल्यांच्या प्रश्नांचा ओघ सुरू होतो. यंदाचे प्रश्न वाचताना एक गोष्ट ठळक दिसली. बहुतेकांच्या तक्रारीचं मूळ एकच आहे: नको त्या जागी पाणी शिरलंय, किंवा हवं त्या जागी पोचत नाही.

प्रश्न: आमची 14 फुटी फायबरची बोट पावसाळाभर खानापूरजवळ शेतात असते. गेल्या वर्षी ताडपत्री घालूनही आत पाणी साचलं. आता मशीन बसवायची मागची फळी हलते. काय करावं?

आधी हिशोब करू. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 चौरस मीटरवर 1 लिटर पाणी. तुमची बोट 5 फूट रुंद धरली, पुढचा निमुळता भाग वजा केला, तरी 100 मिलिमीटर पावसात तिच्यात 500 किलोच्या वर पाणी बसतं. तरंगत्या बोटीला खालून सगळीकडून आधार असतो. शेतात ती दोन दगडांवर असते. तळाला चिरा पडतात त्या तिथंच.

मशीन उतरवून घरात न्या. तळातला ड्रेन प्लग काढा आणि वल्ह्यालाच बांधून ठेवा, नाहीतर दसऱ्यानंतर प्लगाविनाच बोट पाण्यात जाते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बोटीखाली तीन ठिकाणी जुने टायर घाला, मागच्या फळीखाली तर हवाच. पुढचं टोक वीतभर उंच ठेवा. ताडपत्री बोटीवर नुसती अंथरू नका. मधोमध लांबीनं बांबू टाकून घराच्या आढ्यासारखा उतार द्या आणि दोन्ही टोकांना वारा खेळू द्या. घट्ट गुंडाळलेली बोट आतून घामेजते.

आता फळी. वरून फायबर दिसलं तरी बहुतेक बोटींत तिच्या पोटात प्लायवूड असतं. मशीनच्या बोल्टच्या भोकांतून पाणी झिरपतं आणि ते आतून कुजतं. रुपयाचं नाणं घ्या आणि फळीवर वीत-वीत अंतरानं वाजवत जा. धड जागी टणक आवाज येतो, कुजक्या जागी भिजल्या पुठ्ठ्यासारखा ‘थप’. तिथं आतल्या बाजूनं बारीक भोक पाडा. काळपट ओला भुसा निघाला तर वरवर रेझिन फासून काही होणार नाही. आतलं फायबर कापून प्लायवूड बदलावंच लागेल आणि तोवर त्या फळीवर मशीन चढवू नका.

हे काम उन्हं आहेत तोवरच उरका. ओल्या लाकडाला पॉलिस्टर रेझिन धरत नाही. रेझिन घट्ट करणारा हार्डनर रेझिनच्या 1 ते 2 टक्के पडतो. मेच्या उकाड्यात 1 टक्क्याच्या आसपासच राहा. आणि कोबाल्ट (रेझिन लवकर धरावं म्हणून घालायचं द्रावण) व हार्डनर एकमेकांत थेट कधीही ओतू नका, स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर त्यानंतर. शेवटी बोल्टची भोकं पॉलियुरेथेन सीलंटनं भरा. बाथरूमचं सिलिकॉन नको, त्यावर पुढं रेझिन चिकटत नाही.

प्रश्न: काका, मी चिकोडीकडचा. कृष्णेत बोट चालवतो. मशीनच्या मागून पाण्याची धार यायची ती आता मुतखडा झाल्यासारखी थेंबथेंब येते. मेकॅनिक म्हणतो चालतंय. खरंच चालतंय का?

नाही रे बाळा, चालत नाही. इंजिन थंड करणारं पाणीच त्या धारेतून बाहेर पडतं, म्हणून ती धार म्हणजे इंजिनाची नाडी. ती बारीक झाली की मशीन त्याच क्षणी बंद करायचं.

आधी सोपं बघ. धारेच्या भोकात नायलॉनची जाड दोरी घाल. बंद पडलेल्या मशीनच्या त्या भोकात कुंभारीण माशी मातीचं घर करते; कित्येकदा दुखणं एवढंच असतं. मग खालची पाणी ओढायची जाळी बघ, जलपर्णीची मुळं नाहीतर प्लास्टिक अडकलेलं असतं. दोन्ही साफ असेल तर पंपातला रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पाकळ्यांचं चाक, गेला. पुराच्या गढूळ पाण्यातली रेती त्याच्या पाकळ्या कानशीसारखी घासते. गोड्या स्वच्छ पाण्यात दोन वर्षं टिकणारा इम्पेलर तुझ्याकडे दर हंगामाला बदलावा लागेल.

जुना इम्पेलर बाहेर आला की पाकळ्या मोज. सहापैकी चारच असतील तर उरलेल्या दोन पंपाच्या वरच्या पाणवाटेत अडकल्या आहेत. त्या सापडल्याशिवाय मशीन जोडू नकोस. नवा बसवताना साबणाच्या पाण्यात बुडव आणि शाफ्ट घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवत हाउसिंग खाली दाब, म्हणजे पाकळ्या योग्य बाजूला वळतात.

आणि पाण्याबाहेर मशीन क्षणभरही चालू करायचं नाही. या रबराला वंगण पाण्याचंच. पाहुण्यांना आवाज ऐकवायला मी एकदा अंगणात मशीन ओढलं होतं. अर्ध्या मिनिटात जळक्या रबराचा वास आला आणि नवाकोरा इम्पेलर गेला.

प्रश्न: मशीनचं गिअर ऑइल बदलताना चहासारखं दुधाळ निघालं. नवं भरून पुढं चालू?

नको. ते पाणी आहे, सील गेलंय. पाण्यातला पंखा काढून मागं बघा. बहुतेक मासेमारीची तंगूस शाफ्टला गुंडाळलेली सापडेल. तीच सील कापते. सील बदलून घ्या. ऑइल भरताना खालच्या स्क्रूच्या भोकातून, वरच्यातून बाहेर येईपर्यंत भरा. आधी वरचा स्क्रू लावा, मग खालचा. वॉशर नवेच घाला. पंखा दर महिन्याला काढून बघायची सवय लावा.

प्रश्न: हिडकलला वापरलेलं मशीन सुट्टीत कारवारला, सदाशिवगडाजवळ काळीच्या मुखात नेणार आहोत. काही वेगळं करावं लागतं?

मशीनच्या पायाला बसवलेला अॅनोड बघा. गंज आधी त्याला खातो आणि बाकी मशीन वाचतं. गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमचा असेल तर समुद्रात तो झपाट्यानं विरघळेल. नदीच्या मुखाशी भरती-ओहोटीचं मचूळ पाणी, तिथं अॅल्युमिनियमचा चांगला. निम्मा झिजला की बदला आणि त्यावर रंग कधीच मारू नका. परतल्यावर त्याच दिवशी पंखा काढून मशीन गोड्या पाण्याच्या पिंपात उभं करा, जाळी बुडेल एवढं पाणी ठेवा आणि 10 मिनिटं चालवा. दुसऱ्या दिवसावर टाकलं तर मीठ आत सुकून बसतं.

प्रश्न: टाकीत उरलेलं पेट्रोल ऑक्टोबरपर्यंत ठेवलं तर?

ठेवू नका. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतली ओल शोषतं आणि पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं. टाकी रिकामी करा, नळी काढून कार्ब्युरेटरमधलं संपेपर्यंत मशीन पिंपात चालवा. टू-स्ट्रोकचं ऑइल मिसळलेलं पेट्रोल मात्र गाडीत ओतू नका.

प्रश्न: दादा, संकेश्वरहून लिहिते. आमच्या लाइफ-जॅकेटांना कुबट वास येतोय. ह्यांनी ब्लीचमध्ये भिजवायला सांगितलंय. मुलांची जॅकेटं आहेत म्हणून विचारते.

ताई, ब्लीच नको, त्यानं पट्टे आणि शिवण कमजोर होते. साध्या साबणाच्या कोमट पाण्यात हातानं धुवा आणि हँगरला लावून सावलीत वाळवा. मग फोम मुठीत दाबून सोडा. लगेच फुगून आला तर ठीक, खड्डा तसाच राहिला तर जॅकेट बाद. बसायला उशीसारखी वापरलेली जॅकेटं लवकर अशी होतात. मुलाला ते घालून खांद्यापाशी धरून वर ओढा. कानापर्यंत सरकलं तर माप मोठं आहे. एकदा कमरेएवढ्या पाण्यात, तुम्ही शेजारी उभं राहून, मूल तोंड वर ठेवून तरंगतं का तेही बघा.

बाद झालेलं जॅकेट भंगारात टाकण्याआधी पट्टे कात्रीनं कापून टाका. कुणीतरी उचलून ते आपल्या लेकराला घालेल.