तिखट ही चव नाही, मग जिभेला कळतं ते काय?

तुमचा प्रश्न असा : तिखट ही चव नाही, वेदना आहे, असं वाचलं. मग जिभेवर नेमकं घडतं काय, आणि तांब्याभर पाणी पिऊनही ते जात का नाही?

माझं लहानपण मिरचीच्या खकाण्यात गेलंय, म्हणून लिहायला बसलो. आमचं घरचं मिरची-मसाल्याचं कांडप होतं. उन्हाळ्यात वर्षाचं तिखट करायला डबे घेऊन बायका यायच्या आणि आम्ही पोरं शिंकत, ठसकत हाताखाली असायचो. आईचा एक नियम होता : कांडपावरून आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करायची नाही. एकदा मी तो मोडला. पाणी कोमटच होतं, पण हात आणि मान अशी भाजली की उघडाच अंगणात पळालो. असं का होतं, हे आईला माहीत नव्हतं. मलाही पुढे बरीच वर्षं नव्हतं.

आधी तुमचा पहिला भाग. मिरच्या चिरल्या की बोटांची आग होते, पण गूळ चिरून बोटं कधी गोड लागत नाहीत. गोड, आंबट, खारट, कडू हे सांगायला जिभेवरच्या रुचिकलिका लागतात. मिरचीला त्यांची गरजच नाही. डोळा, नाक, बोटं, कुठेही ती कळते. चेहऱ्याचा स्पर्श, गरम-गार आणि दुखणं मेंदूकडे नेणारी वेगळी नस आहे. दाढदुखी ज्या वाटेने मेंदूला कळते, त्याच वाटेने मिरचीही कळते.

आपल्या भाषेने मात्र दोन्हीकडे पाय ठेवलाय. षड्रसांत आपण तिखट मोजतो (संस्कृतात त्याला ‘कटु’ म्हणतात आणि कडूला ‘तिक्त’, म्हणजे आपल्या कानाला बरोबर उलटं), पण क्रियापद वापरतो ‘झोंबणं’. साखर झोंबत नाही. जखमेवर मीठ झोंबतं, आयोडीन झोंबतं आणि मिरची झोंबते.

हे झोंबणं नेमकं कुठून येतं, ते १९९७ साली कळलं. कॅलिफोर्नियात डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने मिरचीला तिखट करणाऱ्या कॅप्सेसिन या पदार्थाला ओळखणारं प्रथिन शोधलं. पेशीच्या आवरणातलं छोटं दारच म्हणा. त्याचं नाव टीआरपीव्ही१. गंमत अशी की हे दार मिरचीसाठी नाहीच. साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वर उष्णता गेली की ते उघडतं आणि ‘भाजतंय’ असा निरोप जातो. कॅप्सेसिन तेच दार उष्णतेशिवाय उघडतं. मेंदूला बिचाऱ्याला फरक कळायला मार्ग नाही, तो घाम फोडून अंग गार करायला लागतो. मिसळ खाताना डोकं का घामेजतं, ते यातच आलं. या कामासाठी ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं, स्पर्श ओळखणारी अशीच दारं शोधणाऱ्या आर्डेम पॅटापुटियन यांच्यासोबत. पुदिन्याचा गारवाही असाच भास आहे, फक्त दार वेगळं, थंडीचं.

आता माझी अंघोळ. कॅप्सेसिन लागलेलं असलं की हे दार ४३ अंशांची वाट बघत नाही, त्याहून बऱ्याच कमी उष्णतेलाही उघडतं. म्हणून कोमट पाणी निखाऱ्यासारखं लागलं. झणझणीत मिसळीवर लगेच गरम चहा घेऊन बघा, म्हणजे आईच्या नियमाची प्रचिती येईल.

आणि पाणी. कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं. थंड पाणी तोंडात असेपर्यंत बरं वाटतं, कारण गारव्याने ते दार मिटायला मदत होते. गिळलं की पुन्हा आग. दूध, दही, तूप हे खरे उपाय. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन कॅप्सेसिनला धरून ठेवतं, त्यामुळे साय काढलेलं दूधही पाण्यापेक्षा चांगलं. हॉटेलात मिसळीबरोबर दह्याची वाटी मागायला लाजू नका.

‘बिया काढल्या की मिरची कमी तिखट’ हे अर्धंच खरं. तिखटपणा मुख्यतः बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गाभ्यात असतो. बिया काढताना तो निघतो आणि श्रेय बियांना जातं. पोपट मात्र गाभ्यासकट खातो. पक्ष्यांचं हेच दार कॅप्सेसिनला दाद देत नाही, उष्णतेला देतं.

‘मग काही लोकांना हिरवी मिरची कच्ची कशी चालते?’ असं तुम्ही विचारणारच. रोज खाणाऱ्यांच्या नसा हळूहळू बोथट होतात. दुखऱ्या सांध्यांवर कॅप्सेसिनचं मलम लावतात, तेही याच हिशेबावर. आमच्या कांडपावर काम करणाऱ्या मावशी ठसका न लागता दिवसभर बसायच्या. आम्हाला वाटायचं त्यांना काही मंत्र येतो.

मिरचीने हात पोळलेच तर आधी खोबरेल तेल चोळा, मग साबण, मग गार पाणी. तोवर डोळ्याला हात लावू नका.