लिले ब्लाँची चव कशी घ्यावी?

प्रश्न : लिले ब्लाँची बाटली भेट मिळाली आहे. ते कसे प्यावे आणि पाहुण्यांना कसे द्यावे?

उत्तर : फ्रान्समधील बोर्दो शहराजवळच्या पोदांसाक गावात १८७२ मध्ये सुरू झालेल्या लिले कंपनीचे हे जेवणापूर्वीचे पेय पांढऱ्या वाइनमध्ये संत्र्याच्या सालींचा अर्क मिसळून केले जाते आणि त्यात मद्यार्क १७ टक्के असतो. पहिल्यांदा ते बर्फाशिवाय, ६ ते ८ अंशांपर्यंत थंड करून, वाइनच्या ग्लासात थोडेसेच घ्यावे. आधी संत्र्याचा आणि मधासारखा गंध येतो, मग गोडवा जिभेवर पसरतो आणि घोट गिळल्यानंतर हलकी कडवट छटा जाणवते. त्या छटेसाठी थांबावे, कारण माझ्या मते या पेयाची खरी गोडी तीच आहे. पाहुण्यांना देताना बर्फ आणि संत्र्याची चकती पुरेशी आहे. बाटली उघडल्यावर फ्रिजमध्येच ठेवावी आणि काही आठवड्यांत संपवावी.