वाचकांचे प्रश्न : गप्पीची नवजात पिल्ले का दगावतात?

प्रश्न : आमच्या घरी दोन फुटी काचेच्या टाकीत गप्पी मासे आहेत. मागच्या महिन्यात मादीने पिल्ले दिली आणि इतर मासे ती खाऊ लागले, म्हणून आम्ही ती जाळीने काढून नळाचे ताजे पाणी भरलेल्या बरणीत ठेवली. दिवसातून चार वेळा उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून घालत होतो. सुरुवातीला पिल्ले चपळ होती. नंतर ती पाण्याच्या वरच्या थराशी येऊन तोंडे उघडू-मिटू लागली आणि आठवडाभरात जवळजवळ सगळी मेली. पुढच्या वेळी काय करावे?

उत्तर : आपण पिल्ले वेगळी केली हे योग्यच झाले. गप्पी, मॉली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल हे मासे अंडी न घालता थेट पिल्ले देतात. पण जन्मानंतर त्यांना सांभाळण्याची प्रवृत्ती या माशांमध्ये नसते, आणि समोर आलेले इवलेसे पिल्लू आईच्या दृष्टीनेही खाद्यच असते. गप्पीचे पिल्लू जन्मतः सहा-सात मिलिमीटर लांबीचे असते आणि लगेच पोहू लागते, थोड्याच वेळात खाऊही लागते. म्हणजे ते अगदीच दुबळे नसते. आपण वर्णन केलेल्या लक्षणांवरून असे दिसते की आपली पिल्ले उपाशी राहिल्याने मेली नाहीत. ती पाणी दूषित झाल्याने मेली.

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात आणि न खाल्लेला बलक कुजू लागला की त्यातूनही अमोनिया तयार होतो. जुन्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर आणि तळाच्या खड्यांवर वाढलेले जीवाणू या अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या बरणीत हे जीवाणू नसतात आणि ते पुरेसे वाढायला सर्वसाधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. पाणी जितके उष्ण आणि अल्कधर्मी, तितका अमोनियाचा विषारी अंश अधिक, त्यामुळे आपल्याकडील उन्हाळ्यात लहान भांड्यातले पाणी फार लवकर बिघडते. पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडणे हे कल्ल्यांना इजा झाल्याचे किंवा पाण्यातील प्राणवायू कमी पडल्याचे लक्षण आहे, आणि बरणीत या दोन्ही गोष्टी एकदमच घडतात. शिवाय नळाच्या ताज्या पाण्यात क्लोरीन असते आणि तेही कल्ले जाळते.

म्हणून पुढच्या वेळी बरणी टाळावी. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मोठ्या टाकीतच बारीक जाळीची पेटी टांगून पिल्ले तिच्यात ठेवणे, कारण तेथे त्यांना मुरलेले पाणी आयते मिळते. वेगळी टाकी करायचीच असेल तर ती पंधरा-वीस लिटरची असावी, जुन्या टाकीच्या पाण्याने भरावी आणि एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर आधी काही आठवडे मोठ्या टाकीत चालवून मगच तिच्यात बसवावा. मोटरच्या फिल्टरमध्ये पिल्ले ओढली जातात. तोच वापरणे भाग असल्यास त्याच्या तोंडावर स्पंज बसवावा.

मादीला बाळंतपणासाठी प्लॅस्टिकच्या अरुंद पेटीत कोंडण्याची पद्धत रूढ आहे, परंतु ती मला पटत नाही. कोंडलेली मादी घाबरते, आपटते आणि कधीकधी दिवस भरण्याआधीच पिल्ले टाकते. अशा पिल्लांच्या पोटाशी बलकाची पिशवी अजून लोंबत असते आणि त्यांतली थोडीच जगतात. त्यापेक्षा टाकीत जावा मॉस आणि हॉर्नवर्ट या पाणवनस्पती दाट वाढू द्याव्यात. पिल्ले त्यात लपतात, पानांवरचे सूक्ष्म जीव टिपून खातात आणि मादीलाही त्रास होत नाही.

खाद्याच्या बाबतीत, पिल्लांचे पोट लहान असल्याने दिवसातून तीन-चार वेळा देणे बरोबर आहे, मात्र प्रत्येक वेळी काही मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. मोठ्या माशांचे कोरडे खाद्य बोटांनी अगदी पीठ होईपर्यंत चुरडून दिले तरी पुरते. त्याहून उत्तम म्हणजे आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातील कोळंबीसारख्या सूक्ष्म जीवाची नुकतीच उबलेली पिल्ले. एक लिटर पाण्यात सुमारे पंचवीस ते तीस ग्रॅम मीठ विरघळवून त्यात आर्टेमियाची अंडी घालावीत, खालून हवा सोडावी आणि वर दिवा लावावा. पाणी सत्तावीस-अठ्ठावीस अंश सेल्सिअस असेल तर साधारण एका दिवसात केशरी ठिपके पोहू लागतात. ते बारीक कापडात गाळून, गोड्या पाण्याने धुऊन द्यावेत. अंड्याचा बलक पाणी झपाट्याने नासवतो. दुसरे काहीच हाताशी नसेल तेव्हाच टाचणीच्या डोक्याइतका द्यावा आणि उरलेला तासाभरात काढून घ्यावा.

एक-दोन दिवसांआड पाचवा हिस्सा पाणी बदलावे. नवे पाणी अँटी-क्लोरीन (क्लोरीन घालवणारे औषध) घातलेले आणि टाकीइतक्याच तापमानाचे असावे. उपसण्यासाठी एअर पंपाची बारीक नळी वापरावी, म्हणजे पिल्ले ओढली जाणार नाहीत. तापमान चोवीस ते सव्वीस अंश असावे. विदर्भ-खानदेशातील थंडीत त्यासाठी हीटर लागेल. बोअरवेलच्या जड पाण्याची मात्र धास्ती घेऊ नये, या माशांना क्षारयुक्त पाणीच मानवते.

पिल्ले मोठ्या टाकीत केव्हा सोडावीत हे दिवस मोजून ठरवू नये. मोठ्या माशाच्या तोंडात मावणार नाहीत इतकी, म्हणजे साधारण दीड सेंटिमीटरची झाली की सोडावीत.

प्रश्न : पिल्ले फार झाली आहेत. गप्पी डासांच्या अळ्या खातात, तेव्हा ती जवळच्या ओढ्यात सोडली तर चालेल का?

उत्तर : कृपया सोडू नयेत. गप्पी हा मूळचा त्रिनिदाद, व्हेनेझुएला या भागातला मासा आहे आणि वाहत्या पाण्यात गेला की तो स्थानिक लहान माशांच्या खाद्यावर, अंड्यांवर आणि जागेवर हक्क सांगतो. आरोग्य विभाग गप्पी सोडतो तो डबकी, हौद आणि वापरात नसलेल्या विहिरी अशा साचलेल्या पाण्यात, आणि ते ठिकाण कोणते असावे हे त्या विभागानेच ठरवायचे असते. आपल्याकडील जास्तीची पिल्ले नगरपालिकेच्या हिवताप विभागाला किंवा मत्स्यविक्रेत्याला विचारून द्यावीत.

संख्या आटोक्यात ठेवायची असेल तर नर-मादी लवकर वेगळे करावेत. गुदपर (पोटाखाली, शेपटीच्या अलीकडचा पर) निमुळता आणि टोकदार होऊ लागला की ते पिल्लू नर आहे असे समजावे. काही पिल्लांत हे महिनाभरातच दिसू लागते. एकदा संयोग झालेली मादी नराचे वीर्य शरीरात अनेक महिने साठवू शकते आणि सुमारे चार आठवड्यांच्या अंतराने पिल्ले देत राहते, त्यामुळे आता नर काढून घेतले तरी आपल्या जुन्या माद्या आणखी काही वेळा पिल्ले देतील हे गृहीत धरावे.