समुद्रातल्या इनटेकचा (प्लांटसाठी समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या बांधकामाचा) पाया खचत असेल तर तो कसा स्थिर करतात? आरओव्ही (वरून चालवायचा पाण्याखालचा रोबो) असताना डायव्हर कशाला लागतात?

'डायव्हर कशाला लागतात' हे मी एका बार्जवर तोंडावर ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो. एकोणीस वर्षं पाण्याखालच्या बांधकामात आहे, त्यातली बरीचशी इनटेकवरच गेली.

गुजरातच्या किनाऱ्यावरचा प्रकल्प, नाव सांगत नाही. 12 मीटर पाण्यात काँक्रीटचा केसन, म्हणजे तळावर बसवलेली मोठी पेटी, आणि तिथून किनाऱ्यावरच्या पंपहाउसपर्यंत दोन पाइप. पावसाळा संपल्यावर केसन कललेला आढळला. आधी सोनार सर्व्हे झाला, म्हणजे आवाजाच्या लहरींनी तळ मोजला. नकाशात तळ सपाट, खड्डा कुठेच नाही. मग खात्री करायला मला उतरवलं. खंबातच्या आखाताकडचं पाणी असं, की हेल्मेटच्या काचेसमोर धरलेली स्वतःची बोटं दिसत नाहीत. केसनच्या कडेने चाचपत गेलो. किनाऱ्याकडच्या बाजूला तळात खुपसलेली सळई वीतभर गेली आणि अडली. समुद्राकडच्या बाजूला तीच 2 मीटरची सळई नुसत्या हाताच्या भाराने पूर्ण आत. कडेखाली हात घातला तर खांद्यापर्यंत गेला. वर काँक्रीट, खाली पेजेसारखा गाळ.

वादळात किंवा उधाणाच्या ओढीत पाणी केसनला वळसा घालताना वेग घेतं आणि पायथ्याची रेती उपसून नेतं. खड्डा सगळ्यात खोल असतो तो तेव्हा. पाणी निवलं की त्यातच सैल गाळ बसतो आणि तळ पहिल्यासारखा दिसायला लागतो. सोनारला दिसतो तो हा वरचा तळ. आमचे बाबा डोल जाळ्याचे खुंट रोवायचे. खुंटाची माती काठी खुपसून बघायची, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो.

मी खालून सांगितलं, सुपरवायझरने लॉगमध्ये लिहून घेतलं. बार्जवरचे इंजिनिअर म्हणाले, "सर्व्हेत खड्डा नाही. डायव्हरच्या हाताला कसलं मोजमाप? दगड टाका." दोन बार्ज दगड ओतले. खाली जाळीकापड नाही, बारीक खडी नाही. 300 किलोचा दगड समुद्राच्या पाण्यात साधारण 180 किलोच भरतो, पण गाळात रुतायला तेवढा पुष्कळ झाला. पुढच्या पावसाळ्यात केसन आणखी कलला, पाइपाचा फ्लँज (बोल्टचा सांधा) उघडला, पंपांत रेती आली आणि प्लांट बंद करावा लागला.

दुसऱ्या खेपेला काम झालं ते असं. भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते ते दिवस धरून, भरती-ओहोटीमधल्या निवांत पाण्यात उतरायचं. दर खेपेला जेमतेम चाळीस मिनिटं मिळायची. एअरलिफ्टने (हवा सोडून गाळ वर ओढणाऱ्या पाइपाने) सैल गाळ उपसून घट्ट तळ गाठला. केसनच्या कडेने ग्राउटच्या (सिमेंटच्या पातळ मिश्रणाच्या) पिशव्या रचून फट बंद केली. मग पोकळीत कमी दाबाने ग्राउट भरला, खालच्या टोकाकडून वरच्या टोकाकडे, हवा-पाण्याला वाट ठेवून. त्या वाटेने घट्ट ग्राउट बाहेर येईपर्यंत पंप थांबवायचा नाही, आणि घाई करून दाब वाढवायचा नाही, नाहीतर पिशव्या फुटतात किंवा केसनच उचलला जातो. त्यानंतर जिओटेक्स्टाइल, म्हणजे पहिल्या खेपेला राहिलेलं जाळीकापड, त्यावर खडीचा थर, आणि शेवटी मोठे दगड, क्रेनने एकेक ठेवलेले. दगड खाली येताना डायव्हर बाजूला. टेकला की जाऊन हाताने बसणी तपासायची. केसन सरळ झाला नाही, तो सहसा होत नाही. होता तिथे थांबला, आणि तेवढंच हवं होतं.

पंप चालू असताना इनटेकपाशी कुणालाही उतरवू नका. स्विच बंद करून कुलूप लावायचं आणि किल्ली डायव्हिंग सुपरवायझरच्या खिशात. आत-बाहेरच्या पातळीत 2 मीटरचा फरक असला तरी तोंडाच्या दर चौरस मीटरवर 2 टनांचा जोर येतो. माणूस त्यातून स्वतःला सोडवू शकत नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये त्रिनिदादला पाच डायव्हर इंधनाच्या 30 इंची पाइपात ओढले गेले. एकच जिवंत बाहेर आला.

आरओव्हीच्या विरोधात मी नाही. लांब पाइपाच्या आत माणूस घालण्यापेक्षा आरओव्हीच घालावा, आणि स्वच्छ पाण्यात पहिली पाहणीही त्यानेच करावी. पण काळ्या पाण्यात त्याचा कॅमेरा आंधळा, आणि कडेखाली गाळ आहे की घट्ट जमीन हे त्याला कळत नाही. शिवाय वर लिहिलंय ते रेती-गाळाच्या तळाबद्दल. तमिळनाडूतल्या कल्पक्कमच्या अणुवीज केंद्राला समुद्राचं पाणी तळाखालच्या 468 मीटर लांबीच्या बोगद्यातून येतं. तिथली डोकेदुखी खचण्याची नसून आत वाढणाऱ्या हिरव्या शिनाण्यांची (एक जातीच्या शिंपल्यांची). ग्राउटचं मिश्रण आणि दगडांचे आकारही तुमच्या जागेच्या लाटा-प्रवाहांवरून डिझायनरनेच ठरवायचे, माझ्या उत्तरावरून नाही.

तुम्ही सिव्हिलवाले असाल तर सर्व्हेच्या नकाशासोबत डायव्हरचा लॉग मागून घ्या: सळई कुठे खुपसली, किती गेली, पाणी भरतीचं की ओहोटीचं. आमच्या त्या कामाच्या रिपोर्टात कारण लिहिलंय 'अनपेक्षित पावसाळी परिस्थिती'. सळई 2 मीटर आत गेल्याची नोंद त्याच्या अकरा महिने आधीची आहे, वेळेसकट, सुपरवायझरच्या सहीने. त्या पानाची प्रत अजून माझ्याकडे आहे.