रिपोर्ट चांगला, मग एसटीतून उतरताना दादा का अडखळतो?

प्रश्न : माझा भाऊ २६ वर्षांचा. नऊ महिन्यांपूर्वी मोटरसायकलवरून पडून डोक्याला जबर मार लागला. आता तो आधाराशिवाय चालतो. तोलाच्या तपासणीत ५६ पैकी ५५ गुण मिळाले, ‘आता काही करायला नको’ असं सांगितलं गेलं. पण एसटीतून उतरताना तो दांडा सोडत नाही. चालताना कुणी हाक मारली तर झोक जातो. घरचे म्हणतात, भित्रा झालाय.
– एक बहीण, सातारा

उत्तर : ताई, आधी ‘भित्रा’ हा शब्द घरातून काढून टाका. पत्रावरून निदान करता येत नाही, पण तुम्ही सांगताय ते मी रोज बघते.

५६ गुणांची ती बर्ग तपासणी. खुर्चीतून उठणं, डोळे मिटून उभं राहणं, खाली पडलेली वस्तू उचलणं अशा १४ कृती. ती मुळात वयस्कर माणसांसाठी बेतलेली आहे. सव्विशीच्या मुलाला धावती गर्दी, जिने, शेताचा बांध हे सगळं जमायला हवं, आणि ते त्यात कुठेच विचारलेलं नाही.

म्हणून मेलबर्नचे फिजिओथेरपिस्ट गॅव्हिन विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूला इजा झालेल्यांसाठी २००५मध्ये ‘हायमॅट’ ही चाचणी मांडली. १३ कृती, ५४ गुण. मागे चालणं, चवड्यांवर चालणं, धावणं, लंगडी, झेप, कठडा न धरता जिना. आधाराशिवाय वीस मीटर चालता आलं की ती करता येते. साहित्य म्हणाल तर मोकळा पॅसेज, जिना, एक वीट, टेप आणि स्टॉपवॉच.

माझ्याकडे एक कबड्डीपटू यायचा. सपाटीवर त्याच्या चालण्यात कुणाला खोट दिसली नसती. चवड्यांवर चालायला सांगितलं, तर चौथ्या पावलाला उजवी टाच खाली टेकली. पुन्हा केलं, पुन्हा चौथ्यालाच. पोटरीत पुढे ढकलण्याइतका जोर नव्हता. त्या टाचेने आम्हाला पुढच्या तीन महिन्यांचं काम दाखवून दिलं.

हाकेचं वेगळं. चालणं अजून अंगवळणी पडलेलं नसेल तर त्यावरच सगळं लक्ष खर्च होतं; उत्तर द्यायला गेलं की पाय चुकतो. आम्ही चालता चालता शंभरातून तीन-तीन वजा करायला लावतो आणि वेळ किती वाढतो ते पाहतो. मान वळवतानाही झोक जात असेल, तर नजर आणि कानातलं तोलाचं इंद्रियही तपासून घ्या.

मेंदूच्या रुग्णांसोबत काम केलेला फिजिओ शोधा. जाताना जुने रिपोर्ट, चालू गोळ्या आणि फिट येते का याची माहिती न्या. दादाला विचारून जिना उतरतानाचा व्हिडिओ काढलात तर फार उपयोग होईल. लंगडी, उड्या घरी मुळीच करून बघू नका. चालणं अचानक बिघडलं, डोकं खूप दुखायला लागलं, उलट्या झाल्या किंवा गुंगी आली तर थेट न्यूरोसर्जनकडे.

तोवर एसटीतून आधी तुम्ही उतरा, त्याला दांडा धरू द्या, आणि त्याचा पाय जमिनीला टेकेपर्यंत त्याच्याशी बोलू नका.