ऑडिट लॉग लिहिताना ‘त्याच कीची एन्टिटी आधीच ट्रॅक होत आहे’ ही एरर का येते?

आपण एन्टिटी फ्रेमवर्क कोअर (डॉटनेटमध्ये डेटाबेसच्या नोंदी ‘एन्टिटी’ ऑब्जेक्ट म्हणून हाताळणारी लायब्ररी) वापरता. ऑडिटसाठी, म्हणजे कोणत्या नोंदीत काय बदलले हे टिपून ठेवण्यासाठी, जुनी मूल्ये हवीत म्हणून आधी ती नोंद डेटाबेसमधून वाचता, आणि मग फॉर्ममधून आलेले ऑब्जेक्ट ‘अपडेट’ मेथडला देताच एरर येते, असे आपण लिहिले आहे. एका डीबीकॉन्टेक्स्टमध्ये (डेटाबेसशी काम करणाऱ्या सत्राच्या ऑब्जेक्टमध्ये) एका प्रायमरी कीचे (नोंद ओळखणाऱ्या मूल्याचे) एकच ऑब्जेक्ट ट्रॅक होऊ शकते, म्हणजे त्याच्या बदलांवर लक्ष ठेवले जाऊ शकते, आणि ती जागा ऑडिटसाठी वाचलेल्या नोंदीने आधीच घेतलेली असते, म्हणून दुसरे ऑब्जेक्ट नाकारले जाते.

जुनी नोंद ‘अ‍ॅज नो ट्रॅकिंग’ लावून, म्हणजे ट्रॅक न करता, वाचली की एरर जाते, पण मला तो उपाय अपुरा वाटतो. बाहेरून आलेले ऑब्जेक्ट ‘अपडेट’ला दिल्यावर ट्रॅकर (बदलांवर लक्ष ठेवणारा भाग) कीखेरीज सर्व फील्ड बदलली असे धरतो आणि त्याच्याकडील मूळ मूल्येही नव्या मूल्यांसारखीच असतात; त्यामुळे त्याच्यावर विसंबून लिहिलेला ऑडिट लॉग मुळात काय बदलले हे सांगूच शकत नाही. त्याऐवजी नोंद एकदाच, ट्रॅकिंगसह वाचावी आणि तिच्या एंट्रीवर (ट्रॅकरने त्या ऑब्जेक्टसाठी ठेवलेल्या माहितीवर) ‘करंट व्हॅल्यूज’मधील ‘सेट व्हॅल्यूज’ वापरून फॉर्ममधील मूल्ये चढवावीत. मग जुने आणि नवे दोन्ही ट्रॅकरकडेच मिळते आणि खरोखर बदललेलीच फील्ड बदललेली म्हणून नोंदवली जातात.

ऑडिटचा कोड ‘सेव्ह चेंजेस’ (बदल डेटाबेसमध्ये लिहिणारी मेथड) ओव्हरराइड करून, म्हणजे तिच्या जागी आपली मेथड देऊन, लिहिला असेल, तर ट्रॅकरमधील एंट्रींची आधी ‘टू लिस्ट’ने प्रत घ्यावी, कारण त्याच लूपमध्ये ऑडिटची नवी नोंद जोडल्यास कलेक्शन बदलल्याची वेगळी एरर येते. ऑडिट एन्टिटीला मूळ एन्टिटीची नॅव्हिगेशन प्रॉपर्टी (त्या ऑब्जेक्टकडे थेट नेणारा दुवा) देऊ नये; टेबलचे नाव, की आणि जेसनमधील (मजकूर स्वरूपात साठवलेली) मूल्ये पुरतात.

नव्या नोंदींची काळजी मात्र वेगळी घ्यावी लागते. डेटाबेस की तयार करत असेल तर सेव्ह होण्यापूर्वी ट्रॅकरकडे तात्पुरतीच की असते आणि सेव्ह झाल्यावर एंट्रीची स्थिती ‘अनचेंज्ड’ होते, म्हणून बदल आधी टिपून ठेवावेत, खरी की नंतर भरावी आणि दोन्ही सेव्ह एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (दोन्ही होतील किंवा एकही होणार नाही अशा गटात) ठेवावेत.

एन्टिटी फ्रेमवर्क कोअरच्या आवृत्ती 7 पासून आलेले ‘एक्झिक्यूट अपडेट’ आणि ‘एक्झिक्यूट डिलीट’ ट्रॅकरला वळसा घालून थेट डेटाबेसवर चालतात. त्यांनी केलेले बदल या कोडला दिसणार नाहीत. ते वापरत असाल तर तेथे ऑडिट स्वतंत्रपणे, किंवा डेटाबेसमधील ट्रिगरने (बदल होताच आपोआप चालणाऱ्या कोडने), लिहावे लागेल.