यादृच्छिक शब्द की यदृच्छाशब्द?

ऐरोलीच्या एका संगणक अभियंत्याने विचारले आहे की, खेळासाठी प्रोग्रामकडून गावांची आणि पात्रांची अर्थहीन नावे तयार करून घेतली, तर त्यांना ‘यादृच्छिक शब्द’ म्हणावे का, आणि ‘ळिठुङ’, ‘पाढवि’ अशी ती नावे मराठी का वाटत नाहीत.

‘यादृच्छिक’ संख्याशास्त्रात रुळला आहे, परंतु भाषाविज्ञानात ध्वनी आणि अर्थ यांचा संबंधच यादृच्छिक मानतात. त्या हिशेबाने ‘झाड’ आणि ‘दगड’ हेही यादृच्छिकच ठरतात. म्हणून मी ‘यदृच्छाशब्द’ सुचवतो. जाती, गुण आणि क्रिया यांच्यावरून पडणाऱ्या शब्दांपाठोपाठ संस्कृत व्याकरणकार पतंजलीने हा चौथा प्रकार सांगितला आहे: केवळ ठेवणाऱ्याच्या मर्जीने पडलेले नाव. लृ हा स्वर वर्णमालेत कशाला हवा, या चर्चेत तो ‘लृतक’ नावाचा कोणी माणूस कल्पितो, आणि व्याकरणाला धरून त्याला ‘ऋतक’ म्हणावे, हा आक्षेपही तिथेच नोंदवतो. मनाला येईल ते नावसुद्धा भाषेच्या वळणात बसावे, हा आग्रह इतका जुना आहे.

‘ळिठुङ’ त्याच वळणाला अडते, कारण मराठी शब्द ळ-ने सुरू होत नाही आणि ङ-ने संपत नाही. ‘पाढवि’ची अडचण किरकोळ आहे, मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार सहसा दीर्घ लिहितात, एवढे शिकवले की ‘पाढवी’ एखाद्या पाड्याचे नाव म्हणून खपून जाईल. खरी चूक एककाची आहे. युनिकोड या संगणकातील अक्षर-क्रमांकांच्या पद्धतीत काना-वेलांटीला स्वतंत्र क्रमांक असल्यामुळे सुटे क्रमांक उचलणारा प्रोग्राम शब्दारंभीही मात्रा ठेवतो, आणि पडद्यावर तुटक रेषांचे वर्तुळ उमटते. त्याने मात्रेसह पूर्ण अक्षर उचलावे.

पुढे कोणत्या अक्षरामागून कोणते येते, याची नोंद मूळ नावांवरून करावी. 1913 मध्ये रशियन गणितज्ञ मार्कोव्हने कवी पुश्किनच्या काव्यातील 20,000 अक्षरांवर मांडलेल्या साखळीचे तत्त्व हेच. ठाणे–पनवेल लोकलच्या वाटेवरची नावे मी कागदावर अशी फोडून पाहिली. ‘कोपरखैरणे’ आणि ‘रबाळे’ यांना र सामाईक असल्याने ‘कोपरबाळे’ निघाले, जे उद्घोषणेत ऐकू आले तरी कोणी दचकणार नाही. घ-वर रूळ बदलून ‘खारघणसोली’ही मिळाले, पण त्यात दोन्ही गावे उघडी दिसतात. ‘तुर्भे’ मात्र प्रत्येक वेळी ‘तुर्भे’च राहिले, कारण तु आणि र्भे ही अक्षरे त्या यादीत अन्यत्र नव्हतीच. तेव्हा दहा-बारा स्थानकांवर थांबू नका, ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतील गावांची भरघोस यादी प्रोग्रामला द्या.